हायस्कूलमधून थेट कम्युनिटी कॉलेज: करिअर-टेक्निकलच्या वाटेवरच्या मुलांचे पालक आहेत का इथे?

रानजाई (बॉथेल, वॉशिंग्टन)

नमस्कार मंडळी. हायस्कूलमध्येच हाताचं काम शिकायचं आणि पुढे कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांचं स्थानिक सरकारी कॉलेज) जायचं, गेली तीन वर्षं आमच्या घरात हा विषय रोज निघतो. इथे मात्र सॅट-एपी परीक्षा आणि आयव्ही लीग विद्यापीठांचे धागे ढिगाने सापडतात, ह्या वाटेबद्दल कोणी लिहिलेलं दिसलं नाही. म्हणून लिहिते आहे.

आमचा मुलगा दहावीत असताना म्हणाला, मला अर्धा दिवस स्किल सेंटरला जायचंय, मशीनिंग शिकायला. सकाळी आपली शाळा, मग पिवळ्या बसने सेंटर. आम्ही दोघंही सॉफ्टवेअरमधले. त्या रात्री नवरा जेवताना एक शब्द बोलला नाही. मी बोलले, आणि नको ते बोलले. "तुला कोडिंग जमत नाही असं कोणी सांगितलं का?" असं विचारलं. तो म्हणाला, "जमतं, पण मला हाताला काहीतरी लागायला हवं." शेवटी फॉर्मवर सही केली ती वर्षभरात कंटाळेल ह्या आशेवर.

अकरावीच्या नोव्हेंबरात एकदा त्याने दप्तरातून फडक्यात गुंडाळलेला ॲल्युमिनियमचा जॉब, म्हणजे मशीनवर घडवलेला तुकडा, काढून टेबलावर ठेवला. दोन इंच व्यास, एका टोकाला पायरी, मधून आरपार भोक. कडेवरून बोट फिरवलं तर कुठेही धार लागेना. माझे बाबा चिंचवडला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये तेहतीस वर्षं होते. व्हिडिओ कॉल लावला. बाबा म्हणाले, "कॅमेऱ्याजवळ आण. आता पायरीवरून नख फिरव. अडकतंय?" "नाही आजोबा." "टॉलरन्स किती दिला होता?" "एक थाऊ." बाबा क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "तुमच्याकडेपण थाऊच म्हणतात?" एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, आणि टॉलरन्स म्हणजे मापात चालणारा फरक. पुढचा पाऊण तास ते दोघं बोलत होते आणि मी नुसती बसून होते. नातू आणि आजोबा एवढे बोललेले मी त्याआधी पाहिले नव्हते.

आता ज्यासाठी हा धागा काढला ते. ह्या वाटेने मुलं हायस्कूलमध्येच कॉलेजचं क्रेडिट (विषय पूर्ण केल्याची, पदवीत धरली जाणारी नोंद) मिळवतात असं सगळे सांगतात. पण ते क्रेडिट दोन प्रकारचं असतं, हा फरक आम्हाला कोणी समजावला नाही.

पहिला प्रकार म्हणजे मूल खरोखरच कॉलेजात दाखल होतं. आमच्या राज्यात ह्याला रनिंग स्टार्ट म्हणतात, १९९० च्या कायद्याने सुरू झालेलं. अकरावी-बारावीची मुलं कम्युनिटी किंवा टेक्निकल कॉलेजात जाऊन बसतात, ट्यूशन फी माफ असते, पुस्तकं, किरकोळ फी आणि येणं-जाणं आपलं. तिथला ५ क्रेडिटचा विषय हायस्कूलच्या १ क्रेडिटइतका धरतात. ग्रेड त्याच टर्मला कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे गुणपत्रकावर, लागते.

दुसरा प्रकार म्हणजे विषय आपल्याच शाळेत किंवा सेंटरात, शिक्षकही तिथलेच, पण कॉलेजाशी करार असतो. मुलाने ठरलेली ग्रेड मिळवली, आमच्याकडे बी किंवा वर, तर कॉलेज तो विषय आपला मानतं. इथे ह्याला सीटीई (करिअर अँड टेक्निकल एज्युकेशन) ड्युअल क्रेडिट म्हणतात. पण ते आपोआप होत नाही. वेगळ्या ऑनलाइन प्रणालीत, त्याच शैक्षणिक वर्षात मुलाची नोंदणी करावी लागते. आमची ती राहिली. मुलाला दोन्ही विषयांत ए होता. बारावीनंतर कॉलेजात विचारलं तर उत्तर आलं, आमच्याकडे काही नोंद नाही. १० क्रेडिट गेली. ड्रॉइंग वाचायचा तोच विषय, तेच पुस्तक, तो पुन्हा पैसे भरून बसला. शाळेने सांगायला हवं होतं, असं मला अजूनही वाटतं.

तुमच्या राज्यात कसं आहे? कोणाची मुलं गेली आहेत ह्या वाटेने?

आठवा_मैल (सनीव्हेल)

रानजाई, मनापासून विचारतो, राग मानू नका. माझे वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. हाताचं ग्रीस जाईपर्यंत रॉकेलने हात धुवायचे आणि आम्हाला म्हणायचे, तुम्ही ह्यात पडू नका. त्यांनी ओव्हरटाइम करून मला इंजिनिअरिंगला घातलं. आता माझ्या मुलीने ऑटोमोटिव्ह घेतलं तर त्यांना फोनवर काय सांगू? आपण इतक्या लांब आलो ते ह्याच्यासाठी का, हा प्रश्न मला झोपू देत नाही.

रानजाई

राग कशाला. मी स्वतः हेच बोलले होते.

तुमचे वडील ज्यातून तुम्हाला बाहेर काढत होते ते तुटपुंजा पगार, डेपोतली हलाखी आणि साहेबाची बोलणी. गाडीचं काम वाईट म्हणून ते तसं म्हणत नव्हते, असं मला वाटतं. माझे बाबाही मला टूलरूममध्ये येऊ द्यायचे नाहीत, पण स्वतःचा मायक्रोमीटर मखमलीच्या डबीत ठेवायचे. तुमच्या मुलीला एकदा आजोबांशी त्याच विषयावर बोलू द्या. काय सांगायचं ते ती सांगेल.

इथली परिस्थितीही वेगळी आहे. एव्हरेटला बोइंगचा कारखाना, त्याच्या भोवती सुटे भाग करणारी कितीतरी छोटी वर्कशॉप्स, आणि जुने मशिनिस्ट निवृत्त होताहेत. बोइंगच्या मदतीने तयार झालेला कोअर प्लस एरोस्पेस नावाचा अभ्यासक्रम आमच्या राज्यातल्या हायस्कूलांत शिकवतात. मुलगा आता दिवसा अशाच एका वर्कशॉपमध्ये सीएनसीवर (संगणकाने चालणारं मशीन) आहे, संध्याकाळी कॉलेज.

मुठेकाठचा (पुणे)

मी पॉलिटेक्निकात शिकवतो. हे वाचताना मला सारखं आपलं आठवत होतं. दहावी करून तीन वर्षांचा डिप्लोमा, मग इंजिनिअरिंगला थेट दुसऱ्या वर्षात. आयटीआय दोन वर्षं केलेला मुलगा डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षात. एमसीव्हीसी (अकरावी-बारावीचा व्यवसाय अभ्यासक्रम) वाल्यांनाही तीच वाट. अकरावी-बारावीचे बायफोकल (व्यवसायाचे) विषयही जुन्या लोकांना आठवत असतील, २०० मार्कांचे.

पण एक फरक मला मोठा वाटतो. आपल्याकडे एमएसबीटीईचा (राज्याचं तंत्रशिक्षण मंडळ) अभ्यासक्रम राज्यभर एक. गडचिरोलीचा डिप्लोमा आणि पुण्याचा डिप्लोमा कागदावर सारखाच, म्हणून थेट दुसऱ्या वर्षाचा नियमही सगळ्यांना एकच लागू. रानजाईंनी सांगितलं त्यावरून तिथे प्रत्येक डिस्ट्रिक्ट (शाळांचा विभाग) आणि प्रत्येक कॉलेज आपापसात विषयवार करार करतं. मग पोराचं क्रेडिट फटीत पडणारच. त्याच्या बदल्यात तिथे एक गोष्ट आहे जी आपल्याकडे नाही. पोरगा अर्धा दिवस मशीनवर आणि उरलेला अर्धा दिवस इतिहास, साहित्य, गणित शिकत राहतो. आमच्याकडे आयटीआयला गेला की सोळाव्या वर्षी बाकीच्या विषयांचं दार बंद होतं. माझ्या वर्गात आयटीआयहून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली मुलं वर्कशॉपमध्ये सगळ्यांच्या पुढे असतात आणि गणिताला रडतात. तो गणिताचा खड्डा तुमच्याकडे कसा भरतात?

रानजाई

दादा, तुम्ही नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. नाही भरत. मशीनिंगच्या पदवीत "टेक्निकल मॅथ" असतं, त्रिकोणमिती वर्कशॉपपुरती. कॅल्क्युलस नाही. त्यामुळे पुढे मेकॅनिकल इंजिनिअरिंगला जायचं म्हटलं की प्रीकॅल्क्युलसपासून सुरुवात. आमचा आता तेच करतोय, आठवड्यातून दोन संध्याकाळ.

काळीभोर (नेपरविल, इलिनॉय)

मी इथे हायस्कूलमध्ये शिकवते. आठवा_मैल ह्यांच्या मनातली भीती इथल्या लोकांच्या मनातही आहे, आणि तिला इतिहास आहे.

१९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने केंद्र सरकारचा पैसा पहिल्यांदा हायस्कूलच्या व्यवसाय शिक्षणाला मिळाला. पुढची कित्येक दशकं शाळांनी त्याचा वापर मुलं वाटून टाकायला केला. गरीब, काळी, लॅटिनो मुलं "व्होकेशनल"ला, बाकीची कॉलेजच्या रांगेत. एकदा त्या रांगेत गेलं की कॉलेजचं गणित मिळायचंच नाही. हे नाव आजीआजोबांच्या तोंडी अजून कडू आहे. मग १९९० मध्ये पर्किन्स कायद्यात (व्यवसाय शिक्षणाला केंद्राचा पैसा देणारा नंतरचा कायदा) "टेक प्रेप" आलं, म्हणजे हायस्कूलची शेवटची दोन वर्षं आणि कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षं एकाच अभ्यासक्रमात गुंफायची. २००६ मध्ये कायद्यातून "व्होकेशनल" जाऊन "करिअर अँड टेक्निकल" आलं. आताचा कायदा २०१८ चा, लोक पर्किन्स फाइव्ह म्हणतात, वर्षाला साधारण १.४ अब्ज डॉलर राज्यांना जातात.

आमच्या जवळचं जोलिएट ज्युनियर कॉलेज १९०१ मध्ये निघालं, आजवर चालू असलेलं देशातलं सगळ्यात जुनं सार्वजनिक कम्युनिटी कॉलेज. आणि त्याची सुरुवात हायस्कूलमध्येच झाली होती. हायस्कूल झालेल्या मुलांना तिथेच बसवून पुढचे विषय शिकवायचे, एवढीच ती कल्पना. म्हणजे हा दुवा नवा नाही, मूळचाच आहे.

पालक म्हणून तुम्ही बघायला हवं ते हे: तुमच्या मुलाला वेल्डिंगबरोबर अल्जेब्रा टू, म्हणजे हायस्कूलचं पुढचं बीजगणित, मिळतंय की नाही? वेळापत्रकात दोन्ही बसत नाही असं काउन्सेलर म्हणाला तर गप्प बसू नका. माझ्या वर्गातल्या एका मुलीचा नर्सिंग असिस्टंटचा तास आणि केमिस्ट्री एकाच वेळी यायचे. आई दोनदा येऊन बसली तेव्हा केमिस्ट्रीचा तास हलला. ज्यांच्या आया दोन-दोन नोकऱ्या करतात त्यांचे तास हलत नाहीत, आणि हे मला दरवर्षी बघावं लागतं.

सांजवात (एडिसन, न्यू जर्सी)

आमच्याकडे २१ कौंटी आणि प्रत्येक कौंटीचं स्वतंत्र व्होकेशनल-टेक्निकल स्कूल डिस्ट्रिक्ट. त्यातल्या काही अकॅडमी इतक्या मागणीच्या की आपलीच मंडळी सहावीपासून क्लास लावतात. बर्गन कौंटी अकॅडमीज कागदोपत्री व्हो-टेकच आहे हे सांगितलं की लोकांचा विश्वास बसत नाही! त्याच डिस्ट्रिक्टमध्ये "शेअर्ड टाइम" पण असतं, म्हणजे अर्धा दिवस कौंटीच्या शाळेत, अर्धा आपल्या. तिथे मात्र आपलं एकही मूल दिसत नाही. माझा मुलगा एचव्हीएसीला (एसी-हीटिंगचं काम) जातो, त्याच्या बसमध्ये मराठी सोडा, देशी तो एकटाच. मंडळाच्या गणपतीत कोणी विचारलं की मी आधी "इंजिनिअरिंगसारखंच आहे" असं सांगायचे. आता एचव्हीएसी म्हणूनच सांगते. त्याने बारावीत ईपीएचं (केंद्राचं पर्यावरण खातं) ६०८ चं सर्टिफिकेट मिळवलं, ज्याशिवाय कायद्याने रेफ्रिजरंटला (एसीतला गारवा देणारा वायू) हात लावता येत नाही.

उंबरठा (फ्रिस्को, टेक्सस)

एच-४ वाल्यांसाठी (एच-१बी वर आलेल्यांच्या जोडीदार-मुलांचा व्हिसा) एक महत्त्वाची गोष्ट, कारण आम्ही ह्यात पोळलो.

एच-४ वरच्या मुलाला शिकता येतं, पगारी काम करता येत नाही. जोडीदारांपैकी काहींना एच-४ चं ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, मिळतं, मुलांना ते लागू नाही. ह्या अभ्यासक्रमांचा जीव असतो तो कामावरच्या तासांत. अप्रेंटिसशिप म्हणजे तर नोकरीच, पहिल्या दिवसापासून पगार. आमच्या लेकीच्या वर्गातल्या सगळ्यांना बारावीच्या उन्हाळ्यात एका कंपनीत पगारी इंटर्नशिप मिळाली. ती वर्गात पहिली होती. ती घरी राहिली. शिक्षकांना हा नियम माहीतच नव्हता, त्यांना वाटलं आम्हीच पाठवत नाही. त्या उन्हाळ्यात ती आमच्याशी नीट बोलली नाही, आणि तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

म्हणून नाव घालण्याआधीच शिक्षकांना सांगून ठेवा, आणि पगार नसलेले, अभ्यासक्रमातच धरलेले तास किती आहेत ते विचारा. आरोग्य शाखेत क्लिनिकलचे तास असे असतात. आय-४८५ (ग्रीन कार्डचा शेवटचा अर्ज) दाखल झाला असेल तर मुलालाही ईएडी मागता येतं. आणि २१ पूर्ण झाली की एच-४ संपतो, तेव्हा चार-सहा वर्षांची आखणी करताना ते वय डोळ्यासमोर ठेवा.

रानजाई

उंबरठा, हे वाचून पोटात तुटलं. आमचं ग्रीन कार्ड मुलगा नववीत असताना आलं, म्हणून हा विचार कधी करावा लागला नाही. लेकीला माझा आशीर्वाद सांगा.

दुपारचं_ऊन (डब्लिन, ओहायो)

आमच्याकडे कॉलेज क्रेडिट प्लस, म्हणजे शाळेत असतानाच कॉलेजचे विषय घ्यायची योजना, २०१५ पासून. सातवीपासून घेता येतं. एक धोका लिहिते. ह्या ग्रेड कायमच्या असतात. माझ्या भाचीने पंधराव्या वर्षी कॉलेजचं ॲनाटमी घेतलं, आजारी पडली, सी मिळाला. आता ती मेडिकलचा अर्ज भरतेय आणि अर्जात हायस्कूलमध्ये असताना घेतलेल्या कॉलेजच्या विषयांचीही ट्रान्सक्रिप्ट द्यावीच लागते. पंधराव्या वर्षीचा तो सी बाविसाव्या वर्षी समोर येऊन बसला. शिवाय मूल नापास झालं तर आमच्या राज्यात डिस्ट्रिक्ट घरच्यांकडून खर्च वसूल करू शकतं. फुकट आहे म्हणून चार-चार विषय घेऊ नका. एक घ्या, निभतो का बघा.

भाकरतुकडा (क्वीन्स, न्यू यॉर्क)

ब्रुकलिनच्या पी-टेकबद्दल कोणीच लिहिलं नाही. २०११ मध्ये आयबीएम, शहराची शाळा आणि सिटी टेक कॉलेज मिळून सुरू केलेली शाळा. नववी ते "चौदावी", सहा वर्षांत हायस्कूल डिप्लोमा आणि असोसिएट (कॉलेजची दोन वर्षांची) पदवी, दोन्ही, फी नाही. मुलं निवडताना परीक्षा नव्हती, ही मला सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते. मी त्या भागात ट्यूशन घ्यायचो. घरात पहिल्यांदाच कोणी कॉलेजात जाणार अशी मुलं होती. नववीतला मुलगा बोलता बोलता "माझा कॉलेजचा प्रोफेसर" म्हणायचा तेव्हा त्याची मान कशी ताठ व्हायची ते अजून आठवतं.

आठवा_मैल

रानजाई, परवा वडिलांना फोन केला. मुलीला दिला. तिने विचारलं, डिझेल इंजिनात हवा धरली की तुम्ही काय करायचात? ते जे सुरू झाले! मी किचनमधून ऐकत होतो. चाळीस वर्षांत मी त्यांना कामाबद्दल एक प्रश्न विचारलेला नाही हे तेव्हा लक्षात आलं.

अजून निर्णय झालेला नाही. एक शंका आहे. कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षं झाली की चार वर्षांच्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जाता येतं असं ऐकलंय. ऑटोमोटिव्ह करूनही?

रानजाई

सरसकट नाही, आणि इथेच पुष्कळ जण फसतात. असोसिएट पदव्या वेगवेगळ्या असतात. पुढे विद्यापीठात जाण्यासाठी केलेली वेगळी. आमच्या राज्यात तिला डीटीए म्हणतात, ९० क्वार्टर क्रेडिटची, ती राज्यातली विद्यापीठं घेतात. ऑटोमोटिव्ह, मशीनिंग, वेल्डिंग ह्यांत बहुधा "अप्लाइड सायन्स"ची असोसिएट मिळते, एएएस. ती नोकरीसाठी केलेली असते. तिच्यातले इंग्रजी-गणिताचे मोजके विषय पुढे जातात, वर्कशॉपमधले तास बहुतेक जात नाहीत. त्यावर उपाय म्हणून आमच्या राज्याने २००५ मध्ये कायदा करून काही कम्युनिटी आणि टेक्निकल कॉलेजांना स्वतःच अप्लाइड बॅचलर (चार वर्षांची पदवी) द्यायची परवानगी दिली. एएएस केलेल्यांना तिथे तिसऱ्या वर्षाला जाता येतं. कॅलिफोर्नियाचं तुमच्या कॉलेजात जाऊनच विचारा.

पाऊलवाट (केंट, वॉशिंग्टन)

आजच खातं उघडलं, फक्त ह्या धाग्यासाठी. आमची लेक दहावीत, शाळेतच मेडिकल टर्मिनॉलॉजी घेतलंय. शाळेच्या पत्रकात "कॉलेज क्रेडिट उपलब्ध" असं छापलंय. काउन्सेलरला नेमकं काय विचारू? माझं इंग्रजी कामापुरतं आहे, समोर बसलं की शब्द सुचत नाहीत.

रानजाई

ताई, एकच प्रश्न कागदावर लिहून न्या: "हे क्रेडिट ह्या वर्षीच कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर लागणार का, आणि त्यासाठी माझ्या मुलीची नोंदणी झाली आहे का?" "उपलब्ध आहे" हे उत्तर घेऊ नका. हो किंवा नाही. नाही म्हणाले तर कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या साइटवर, ते त्यांच्याच हाताने लिहून घ्या. कोणत्या कॉलेजशी करार आहे तेही. विषयाच्या शिक्षकांना वेगळं विचारा, बऱ्याचदा काउन्सेलरपेक्षा त्यांना जास्त माहीत असतं. आणि दुभाषा मागा. शाळेकडून तो फुकट मिळायला हवा, तुमचा हक्क आहे.

मुठेकाठचा

रानजाई, तो ॲल्युमिनियमचा जॉब आता कुठे आहे?

रानजाई

चिंचवडला, टीव्हीशेजारी. गेल्या मे महिन्यात घेऊन गेलो होतो. बाबांनी डबीतून मायक्रोमीटर काढला, मोजला आणि नातवाला म्हणाले, "मोठा आहे." तो म्हणाला, "आजोबा, आमची मोजायची खोली २० डिग्रीला असते. इथे चाळीस आहे, ॲल्युमिनियम तुमच्या मायक्रोमीटरपेक्षा जास्त फुगतं." बाबांनी माझ्याकडे बघून मान हलवली. त्यांना तेच ऐकायचं होतं.

पाऊलवाट

आज जाऊन आले. कागद पुढे ठेवला. काउन्सेलरने संगणकात बघितलं, लेकीचं नाव नव्हतं. तिच्या वर्गातल्या कोणाचंच नव्हतं. शिक्षिकेला बोलावलं, त्या म्हणाल्या, मला वाटलं ऑफिस करतं. जूनपर्यंत वेळ आहे. सोमवारी त्या सगळ्या वर्गाला लायब्ररीत नेऊन एकदम नोंदणी करून घेणार आहेत, २६ मुलं.